नव्या घरातले ऊन पाणी

घर बांधावयास काढले की घरातील सारी मंडळी आपापल्या परीने वास्तुतज्ज्ञ होतात. देवघर ईशान्येस हवे की पूर्वेस, जिना आतून घ्यावा की बाहेरून, फरशी कोटा बसवावी की व्हिट्रिफाईड, यावर महिनेच्या महिने खल चालतो. आंघोळीचे पाणी कशाने तापवावयाचे, हा प्रश्न मात्र कोणाच्या मनात येत नाही. तो येतो वास्तुशांतीच्या आठवडाभर आधी. मग घाईघाईने दुकानात जाऊन 'एक गीझर द्या' असे सांगितले जाते आणि दुकानदार जो पुढे करील तो घरी येतो. माझे स्पष्ट मत असे आहे की, हा निर्णय घराच्या नकाशावर, स्लॅब पडण्यापूर्वी झाला पाहिजे, आणि आपण डॉक्टर मंडळींनी आपल्या रुग्णांना व शेजाऱ्यापाजाऱ्यांना याविषयी न विचारताही सांगितले पाहिजे. गीझर चुकीचा निवडला गेला तर त्याचे परिणाम अखेर आपल्याच दारात येतात: कधी भाजलेल्या पायांच्या रूपाने, कधी विजेच्या धक्क्याच्या, तर कधी न्हाणीघराचे दार तोडून बाहेर काढलेल्या बेशुद्ध माणसाच्या.

बुऱ्हाणपूरकरांना पाण्याविषयी बाहेरच्या कोणी शहाणपण शिकवावे, अशी स्थिती नाही. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या अमदानीत, तब्कुतुल अर्ज या इराणी भूशास्त्रज्ञाने सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारे भूजल हेरले आणि कुंड्यांच्या रांगांनी जोडलेल्या भुयारांतून, केवळ उताराच्या बळावर, ते शहरात आणले. तो कुंडी भंडारा २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेला. जुलै २०२२ मध्ये 'हर घर जल' म्हणून प्रमाणित झालेला देशातील पहिला जिल्हाही आपलाच. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला शाही किल्ल्यातील हमाम दाखवितो, छतावरील रंगकाम दाखवितो, मुमताजमहालची कथा सांगतो. पण मोगलकालीन हमामांच्या रचनेतील एक गोष्ट आपण सहसा सांगत नाही. पाणी तापविणारी भट्टी स्नानाच्या दालनात नसे. ती भिंतीपलीकडे असे. आत येई ती उष्णता आणि पाणी. आपल्या मराठी घरांतील रीतही वेगळी नव्हती. तांब्याचा बंब परसात किंवा पडवीत धगधगत असे, चुलाणे न्हाणीच्या बाहेरच्या अंगास असे, आणि तापलेले पाणी घंगाळात ओतून आत नेले जाई. धूर आभाळात जाई. रसायनशास्त्राचा गंध नसलेल्या आपल्या आज्या-पणज्यांनी जे पाळले, ते आपण चकचकीत टाइल्सच्या न्हाणीघरांत मोडले. आपण विस्तव आत आणला, आणि वर दाराला आतून कडीही घातली.

मी गॅस गीझरबद्दल बोलत आहे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच.

थोडा हिशेब करू. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गॅस गीझर पूर्ण क्षमतेने १५ मिनिटे चालविला, तर सुमारे पाव किलो गॅस जळतो. एक किलो एलपीजी नीट जळण्यास साधारण १२ ते १३ घनमीटर हवा लागते. म्हणजे पाव किलोस ३ घनमीटर. आता ५ फूट रुंद, ७ फूट लांब आणि ९ फूट उंच असे आपले नेहमीचे न्हाणीघर घ्या. त्यात हवा आहे जेमतेम ९ घनमीटर. एका माणसाच्या एका आंघोळीत त्यातील तिसरा हिस्सा हवा ज्वाळेतून जाते. थंडीमुळे खिडकीची काच लावलेली, दार बंद, पाठोपाठ दुसरा माणूस आंघोळीस तयार. प्राणवायू कमी होत गेला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होऊ लागतो. लहान नमुन्यांपैकी अनेकांना धुराडेच नसते. जे जळते त्याचे सारे त्याच खोलीत राहते.

सर्वसामान्य माणसाची समजूत अशी असते की, गॅस 'लीक' झाला तर वास येईलच. तो वास सिलिंडरमधील न जळलेल्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही, आणि डोळ्यांना चुरचूरही नाही. हिमोग्लोबिनशी त्याची जवळीक प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक. थोडे डोके जड होते, पाय लटपटतात, आणि 'बाहेर पडावे' हे सुचेपर्यंत दाराची कडी काढण्याचे बळ उरत नाही. २०२३ च्या होळीनंतर मुंबईत घाटकोपर येथे आणि उत्तरेत गाझियाबादकडे रंग धुण्यासाठी न्हाणीघरात गेलेली दांपत्ये मृतावस्थेत आढळल्याच्या बातम्या आपण वाचल्या. दोन्हीकडे संशय गॅस गीझरवर होता.

आपल्या देशातील वैद्यकीय नियतकालिकांत 'गॅस गीझर सिंड्रोम' या नावाने या रुग्णांची वर्णने येऊन बरीच वर्षे झाली. तरीही हे निदान हातून निसटते. हिवाळ्यात न्हाणीघरात भोवळ येऊन पडलेली तरुण स्त्री आली की आपण रक्तदाब पाहतो, साखर पाहतो, हिमोग्लोबिन पाहतो. झटका आला असेल तर अपस्माराची औषधे सुरू होतात. कर्नाटकात डोक्यावर कढत पाणी घेतल्याने येणाऱ्या झटक्यांचे, म्हणजे 'हॉट वॉटर एपिलेप्सी'चे, पुष्कळ रुग्ण नोंदले गेले आहेत; त्यामुळे 'आंघोळीत झटका' म्हटले की अभ्यासू डॉक्टरचेही मन तिकडे धावते. बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर ९८ टक्के दाखवितो आणि आपण निश्चिंत होतो, वास्तविक त्या यंत्रास कार्बन मोनॉक्साईडने व्यापलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखता येत नाही. गालांवरील लाली पुस्तकात ठळक असते. जिवंत रुग्णात क्वचितच दिसते. रुग्णाला मोकळ्या हवेत आणले की रक्तातील हा वायू चार-पाच तासांत निम्म्यावर येतो, आणि मास्कने शुद्ध प्राणवायू दिला तर साधारण तासा-दीड तासात. म्हणजे मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत नमुना पोहोचेपर्यंत पुरावा विरून जातो. येथे उपयोगी पडतो तो एकच प्रश्न: 'घरात गीझर कोणता, आणि तो कुठे बसविला आहे?' संशय आला की प्राणवायू आधी, तपासणी मागाहून. शिवाय घरातील इतर माणसांना त्या दिवशी डोकेदुखी होती का, हेही विचारावे. वाचलेल्या रुग्णात काही दिवसांनी वा आठवड्यांनी विसराळूपणा, चालण्यातील मंदपणा, स्वभावातील बदल दिसू शकतो. नातेवाईकांना हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

जाता जाता एक सांगतो. बाळंतिणीच्या बंद खोलीत खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवण्याची आपली जुनी चाल हा याच धोक्याचा दुसरा अवतार आहे. ती चाल शहरांत कमी झाली असली तरी मोडलेली नाही.

गॅस गीझर घेणाऱ्यांची बाजू मला ठाऊक आहे आणि ती हलकी लेखण्यासारखी नाही. यंत्र स्वस्त, पाणी तत्काळ, वीज गेली तरी दोन सेलवर ज्योत पेटते, आणि सहा-सात माणसांच्या घरात एकामागून एक आंघोळी उरकतात. पॉवरलूमच्या पाळीवर पहाटे जाणाऱ्या माणसाला हे सारे महत्त्वाचे वाटणारच. माझा विरोध त्या यंत्राला नसून त्याच्या जागेला आहे. मागच्या उघड्या गॅलरीत, पावसापासून आडोसा करून, बाहेरच्या भिंतीवर तो बसविला आणि फक्त पाण्याची नळी आत आणली, तर हमामवाल्यांनी पाळलेला नियम आपणही पाळला असे होईल. पण ही जागा नकाशातच ठेवावी लागते. घर पुरे झाल्यावर गवंडी म्हणतो, 'आता टाइल्स फोडाव्या लागतील', आणि मग तो गीझर न्हाणीघरातच, खिडकीशेजारी टांगला जातो. 'एक्झॉस्ट पंखा आहे की', असे समाधान सांगितले जाते. पण हवा आत येण्यास वाट नसेल तर पंखा बाहेर तरी काय टाकणार?

आता आपल्या गावच्या पाण्याकडे वळतो, कारण जाहिरातीत दिसणारे निम्मे गुण येथे या पाण्यापुढे हरतात. आपले भूजल जड आहे. कुंडी भंडाऱ्याच्या भुयारांत भिंतींवर चुन्याचे थर साचून वाट अरुंद होत चालल्याचे आपण सारे जाणतो. तिथे हे काम शतकांत झाले. गीझरच्या टाकीत ते दोन-तीन हिवाळ्यांत होते. पाण्यातील विरघळलेला बायकार्बोनेट तापल्यावर फुटतो आणि चुना खाली बसतो. पाणी जितके कढत, तितका थर लवकर. त्या थराखाली विजेचे एलिमेंट गुदमरते, पाणी तापण्यास वेळ लागतो, बिल वाढते आणि एके दिवशी एलिमेंट फुटते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी; दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेतली जाते. नव्या घराच्या कूपनलिकेचे पाणी लागले की त्याची कठीणता मोजून घ्यावी आणि मगच गीझरच्या दुकानाची पायरी चढावी. कोणी 'सॉफ्टनर' बसविला तर एवढेच सांगावे की, त्या यंत्रात कॅल्शियमच्या जागी सोडियम येते. रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी पिण्याचा नळ त्या यंत्राच्या आधीच वेगळा काढावा.

इतके म्हटल्यावर माझी निवड सांगणे भाग आहे. बुऱ्हाणपुरात, स्वतःची गच्ची असलेल्या घरात, सूर्यावर चालणारा बंब हीच पहिली निवड असावी. आपल्या भाषेत गरम पाण्याला 'ऊन' पाणी म्हणतात, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो. ऊन पाण्याची खरी गरज आपल्याला कार्तिकापासून माघापर्यंत असते, आणि नेमके तेव्हाच आपल्याकडील आभाळ निरभ्र असते. आषाढ-श्रावणात ढग दाटतात, पण तेव्हा नळाचे पाणीही अंगाला बोचत नाही. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायचे तर साधारण ४.६५ युनिट उष्णता लागते. पाच-सहा माणसांच्या घरासाठी २०० लिटरची टाकी धरली, तर दररोज नऊ युनिटांहून अधिक उष्णता गच्चीवरील तीन-चार चौरस मीटर जागेतून मिळू शकते. २०२४ साली सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेमुळे गच्च्यांवर विजेची पॅनेले बसू लागली आहेत आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, हे चांगलेच आहे. ते अनुदान पाणी तापविणाऱ्या संयंत्राला लागू नाही. म्हणून लोक सारी गच्ची पॅनेलांनी भरून टाकतात आणि पुन्हा त्याच विजेवर पाणी तापवितात. केवळ पाण्याचा विचार केला तर तेवढ्याच जागेतून थेट तापविलेले पाणी अधिक उष्णता देते. दक्षिणेचा एक कोपरा बंबासाठी राखून उरलेली गच्ची विजेला द्यावी.

सौर संयंत्रांत दोन प्रकार आहेत. तांब्याच्या नळ्यांची सपाट पेटी मजबूत आणि दीर्घायुषी, पण तिच्या बारीक नळ्या आपल्या जड पाण्याने तुंबतात. काचेच्या निर्वात नळ्यांच्या प्रकारात नळीचा व्यास मोठा असल्याने चुना साचूनही पाणी फिरत राहते, आणि वर्षातून एकदा नळी काढून धुता येते. जड पाण्याच्या गावी हाच प्रकार बरा. ज्यांना तांब्याची पेटीच हवी असेल त्यांनी 'हीट एक्स्चेंजर' असलेली घ्यावी. ती महाग पडते. काचेच्या नळ्यांस माकडांचे आणि पतंगबाज मुलांचे भय असते. दुपारच्या उन्हात तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी सोडले तर ती तडकते. वैशाखात अर्ध्या नळ्यांवर गोणपाट टाकून ठेवावे, अन्यथा टाकीतील पाणी कढू लागते.

हे सारे नकाशावर का हवे, तर गार पाण्याची टाकी सौर टाकीहून उंच असावी लागते, आणि त्यासाठीचा ओटा स्लॅबबरोबरच बांधावा लागतो. शिवाय बंब न्हाणीघराच्या माथ्यावरच असावा. पाऊण इंची नळी २० मीटर लांब गेली तर तिच्यात सुमारे ५ लिटर पाणी मावते. प्रत्येक वेळी तेवढे गार पाणी सांडल्यावर ऊन पाणी हाती येते. पाण्यासाठी भुयारे खोदणाऱ्या गावात हे शोभत नाही. उन्हाळी पाण्याची नळी सीपीव्हीसीची असावी, साध्या पीव्हीसीची नव्हे, आणि तिला वरून उष्णतारोधक गुंडाळी असावी.

ढगाळ दिवसांसाठी न्हाणीघरात विजेचा साठवणीचा गीझर हवाच; २५ लिटरचा पुरे. २५ लिटर पाणी २० वरून ४५ अंशांवर नेण्यास पाऊण युनिटही लागत नाही. छोटा तात्काळ गीझर मला आपल्या हिवाळ्यासाठी तोकडा वाटतो, कारण ३ किलोवॅटमध्ये २० अंशांची वाढ हवी असेल तर मिनिटाला दोन लिटरच पाणी मिळते. दारावर बटण, जमिनीत खरे अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पियरचे आरसीसीबी, यांत काटकसर करू नये. ओल्या त्वचेचा विरोध हजार ओहमच्या आसपास घसरतो. २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिॲम्पियर प्रवाह जातो, आणि हृदयाची लय बिघडण्यास १०० ही पुष्कळ झाले. बादलीत सोडावयाच्या रॉडला तर नव्या घरात प्रवेशच नसावा.

पाणी किती तापवावे, यावर दोन तज्ज्ञांची दोन मते ऐकू येतात. जंतुशास्त्रज्ञ म्हणतात, साठवण ६० अंशांवर ठेवा; २५ ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात लेजिओनेला वाढतो, हे १९७६ च्या फिलाडेल्फियातील साथीनंतरच्या संशोधनाने जगाला शिकविले. भाजलेल्यांवर उपचार करणारे म्हणतात, ६० अंशांचे पाणी प्रौढाची त्वचा पाचएक सेकंदांत खोलवर भाजते, ५० च्या खाली या. तिसरीकडे आपला चुना म्हणतो, कमीच तापवा. माझ्या मते वाट अशी आहे: टाकीत ६०, नळाशी मिश्रण करणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह, आणि चुन्यासाठी वार्षिक सफाई. व्हॉल्व्ह परवडत नसेल तर बादलीत आधी गार, मग ऊन, हा क्रम घरातील लहान-थोर सर्वांना पाठ असावा. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या रुग्णाने पाणी पायाने नव्हे, हाताच्या कोपराने पाहावे. तान्ह्या बाळाला ३७-३८ अंश पुष्कळ होतात. 'बाळाला कढत पाण्यानेच झोप लागते' हे आजीबाईंचे शास्त्र नम्रपणे पण ठामपणे नाकारावे लागते.

आपल्यापैकी अनेकांचे खाली रुग्णालय आणि वर घर असते. तेथे पाण्याची गरज दिवसभर राहते. अशा ठिकाणी हीट पंपाचा विचार जरूर व्हावा. तो हवेतील उष्णता उपसून पाण्यात घालतो, आणि आपल्या उष्ण हवेत एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतो. किंमत मोठी आहे, दुरुस्तीचा कारागीर जवळपास मिळतो का हे आधी पाहावे. चार माणसांच्या घरासाठी मी तो सुचविणार नाही.

राहता राहिली ती घरे, जिथे गॅस गीझर न्हाणीघरात आधीच बसलेला आहे. तो उद्याच काढणे सर्वांना जमणार नाही. तोवर दार उघडे ठेवून बादल्या भराव्या, गीझर बंद करावा, खोली थोडी मोकळी होऊ द्यावी आणि मगच आत जाऊन दार लोटावे. कडी घालू नये. दाराच्या तळाशी आणि खिडकीच्या वरच्या भागी कायमची उघडी जाळी असावी, आणि सिलिंडर आत मुळीच नसावा. पुढची थंडी सुरू होण्यापूर्वी गीझर बाहेरच्या भिंतीवर सरकवून घ्यावा. भिंतीला एक भोक आणि थोडी नळी, एवढ्यात प्लंबरचे एका दिवसाचे काम होते.